स्पूलवरचा अंगठा

माझे तळहात घामाने ओले होतात असं सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, अगं, मला पण होतात. अशा वेळी मला राग येतो, आणि राग आला की हात आणखी ओले होतात. लोकांचे हात ओले होतात ते मे महिन्यात, नाहीतर इंटरव्ह्यूच्या आधी पाच मिनिटं. माझे जानेवारीत, पंख्याखाली बसून मटार सोलताना ओले होतात. ओले म्हणजे नुसते दमट नाहीत. हात खाली सोडला की बोटाच्या टोकाशी थेंब जमतो आणि फरशीवर पडतो. तळपायांचंही तेच, पण पाय निदान बुटात लपतात.

शाळेत मी उत्तरपत्रिकेवर हाताखाली रुमाल घालून लिहायचे. तरी कागद फुगायचा आणि शाई पसरायची. पुढे मेकॅनिकलच्या डिप्लोमाला गेल्यावर ड्रॉइंगच्या शीटवर डागच डाग. एकदा सरांनी सगळ्यांसमोर शीट वर धरून विचारलं, चहा सांडला का? मी हो म्हणाले. वर्ग हसला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. चहा सांडणारी मुलगी वेंधळी असते, तेवढं चालतं. तेव्हापासून हातांसाठी एखादं कारण तयार ठेवायची मला सवय लागली. आत्ताच भांडी घासली, आत्ताच तोंड धुतलं, सॅनिटायझर लावलंय. सॅनिटायझरचं कारण तर कोविडनंतर फारच कामाला आलं.

आम्ही तेव्हा उल्हासनगरला कॅम्पात दोन खोल्यांत राहायचो. वडील शहाडच्या एका कारखान्यात कामाला होते. आईच्या मते सगळा प्रकार उष्णतेचा होता, म्हणून सब्जा, गुलकंद, ताक हे सगळं माझ्या पोटात गेलं. तुरटीच्या पाण्यात हात बुडवून झाले. उकळलेल्या चहापत्तीच्या पाण्यात बुडवले, तर दोन दिवस तळहात पिवळे दिसत होते. कोणीतरी सांगितलं म्हणून श्रावणात मेंदी लावली, तर ती रंगायच्या आधीच ओघळली. फरक कशानेच पडला नाही. वडील या सगळ्यात कधी बोलले नाहीत. त्यांच्या सायकलच्या दोन्ही मुठींना जुन्या टॉवेलच्या पट्ट्या गुंडाळलेल्या असायच्या, हे मी रोज बघायचे. त्याचा अर्थ मला अकरावीत कळला. मी सरळ विचारलं तेव्हा ते म्हणाले, मला पण आहे, घामाने कोणी मरत नाही. एवढं बोलून त्यांनी पेपर वर केला.

आमच्यात एकमेकांना जयभीम करताना हात मिळवावाच लागतो असं नाही, हात जोडले की झालं. ही मी माझ्यावरची मेहरबानी समजायचे. विहारात वंदनेला हात जोडून बसलं की तळवे एकमेकांना चिकटत, पण ते फक्त मलाच कळायचं.

चार वर्षांपूर्वी मला अंबरनाथच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत नोकरी लागली. तोवर आम्ही बदलापूरला खरवईकडे नव्या बिल्डिंगमध्ये आलो होतो, आणि मी स्कूटरवरून जायचे. आमच्या घरात मशीन चालवणारे पुष्कळ झाले, पण मशीनवरचा माल बरोबर आहे की चूक हे ठरवणारी मी पहिलीच. कंपनी हायड्रॉलिक व्हॉल्व्हमध्ये बसणारे स्पूल बनवायची. स्पूल म्हणजे बोटाएवढी पोलादी दांडी, घासून आरशासारखी केलेली. मी फायनल इन्स्पेक्शनला होते. दांडी उचलायची, मायक्रोमीटर लावून जाडी मोजायची, भिंगाखाली फिरवून बघायची, ट्रेमध्ये ठेवायची. दिवसाला चारपाचशे दांड्या. एक वर्षाने काम बघून पक्कं करणार होते.

म्हणजे आयुष्यभर ज्या हातांना मी पंगतीत, वर्गात, लग्नात लपवलं, त्यांनाच आता दिवसभर उघड्यावर काम करायचं होतं. कापडी हातमोजे मिळत, पण ते माझ्या हातात दहा मिनिटांत भिजायचे, आणि भिजलेला मोजा नुसत्या हातापेक्षा वाईट. रबरी मोज्यात तर पाणी साचायचं, आणि मायक्रोमीटरची बारीक पकड बोटांना कळेनाशी व्हायची. मी मोजे खिशात ठेवू लागले. मांडीवर एक सुती फडकं असायचं, दर दांडीनंतर बोटं पुसायची. आजूबाजूच्यांना वाटायचं, मॅडम फार स्वच्छतेच्या.

माझ्या टेबलानंतर पॅकिंग. तिथे ठेकेदाराच्या तीन बायका होत्या. दांड्या तेलात बुडवायच्या, पिवळ्या कागदात गुंडाळायच्या, खोक्यात रचायच्या. त्यांच्यातली मोठी कुळगावची, पन्नाशीची, सगळे तिला मावशी म्हणायचे. बडबडी होती, कामाला चोख होती आणि कैरीचं लोणचं घालावं तर तिनेच. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांच्या डब्यांत तिची एकेक फोड पडायची. माझ्याही.

अकरावा महिना चालू असताना गिऱ्हाईक कंपनीकडून तक्रार आली. माल गंजलाय. आमच्या क्वालिटीच्या ग्रुपवर फोटो पडला. मी टेबलाशी उभी राहून तो बोटांनी मोठा केला. चकचकीत दांडीवर तांबूस रेषा, गोल गोल, एकात एक. अंगठ्याचा ठसा होता, आधारच्या मशीनवर उमटावा इतका स्पष्ट. आणि त्यातून तिरकी गेलेली एक कोरी रेघ.

डिप्लोमाच्या वर्कशॉपमध्ये माझ्या उजव्या अंगठ्यात हॅकसॉचं, लोखंड कापायच्या करवतीचं, पातं घुसलं होतं. त्याची तिरकी खूण अजून आहे. मी फोन पालथा ठेवला. काचेवर माझ्या बोटांचं पाणी पसरलं होतं.

घामात मीठ असतं, आणि मीठ पोलादावर राहिलं की वरून तेल लावलं तरी आत गंज धरतो. हे मी त्या दिवशी शोधून वाचलं. काही लोकांच्या हातांनी हे जास्त होतं आणि जुने कारागीर अशांना बारीक कामाला घेत नाहीत, हेही वाचलं. ते वाचून मी फोन बंद केला. घरी जाताना चिकटपट्टी घेतली आणि दुसऱ्या दिवशी अंगठ्याला गुंडाळून कामावर गेले. विचारणाऱ्यांना सांगितलं, विळीवर कापलं.

ग्रुपवरचा तो फोटो सगळ्यांनी पाहिला, पण रेघ कोणाच्या लक्षात आली नाही. वर्क्स मॅनेजर साहेबांनी मीटिंग घेतली. आधी घासताना मशीनवर सोडायच्या कूलंटवर संशय, मग तेलावर, मग बोअरच्या पाण्यावर. मग कोणीतरी म्हणालं, शेवटचा हात कोणाचा लागतो? पॅकिंगचा. जेवून आल्यावर त्या बायका हात धुतात का नीट? आणि साहेब एकदम म्हणाले, "लोणचं."

सगळ्यांना ते पटलं. मीठ, आंबट, तेल, आणि बोटांनी खायचं. मलाही वरवर पटलं, हे कबूल करते. असेलही लोणचं, असं मी दोन दिवस स्वतःला सांगून पाहिलं. लोणच्याच्या बोटाला माझी खूण कशी असेल, हा प्रश्न मात्र मी स्वतःला विचारत नव्हते.

मीटिंगच्या दुसऱ्याच दिवशी कॅन्टीनच्या दारावर कागद लागला की डब्यात लोणचं आणू नये. मावशीला केबिनमध्ये बोलावून साबण दाखवला, हात कसे धुवायचे ते दाखवलं. बाहेर आली तेव्हा ती हसत होती, पण कोणाकडे बघत नव्हती. त्यानंतर ती भांडी घासायच्या पावडरने हात धुवायला लागली. तिच्या बोटांची सालं निघायला लागली. माझ्यासमोर बसून ती डबा खायची, हल्ली चमच्याने, आणि मी माझ्या चिकटपट्टीकडे बघायचे.

मी का बोलले नाही? पक्कं व्हायला महिना होता, हे एक कारण आहेच. पण दुसरं कारण त्याहून खोल होतं, आणि ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या आजीला गावात वरून ओंजळीत पाणी ओतायचे. तिने हात लावलेली वस्तू कोणी घ्यायचं नाही. ती हे सांगायची तेव्हा मला राग यायचा, हसूही यायचं, कारण ते आमच्यापासून फार लांब राहिलं आहे असं मला वाटायचं. आणि आता मला साहेबांपुढे उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं की माझा हात लागला की वस्तू खराब होते. घाम वेगळा आणि ते वेगळं, हे मला कळत होतं. तरी ते वाक्य मला म्हणवत नव्हतं. हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. मावशीला त्याचं काय?

बोलायचं धाडस नव्हतं म्हणून मी दुसरं काहीतरी केलं. उल्हासनगरला एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. सिंधी बाई, साठीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. मी माझी नेहमीची तयार कारणं सुरू केली, तर त्यांनी हात धरून उलटा केला आणि थेंब पडेपर्यंत नुसतं बघत राहिल्या. थायरॉइड आणि शुगर तपासायला लावली, रात्री झोपेत घाम येतो का विचारलं, घरात आणखी कोणाला आहे का विचारलं. रिपोर्ट चांगले आले. मग त्यांनी माझा तळहात टिपून आयोडीन फासलं आणि वर आरारूटची पांढरी पूड भुरभुरली. जिथे घाम फुटत होता तिथे मिनिटभरात पूड निळी-काळी व्हायला लागली. आधी बोटांची टोकं, मग अंगठ्याचा उंचवटा, मग सगळाच तळहात. माझा हात मला पहिल्यांदा असा डोळ्यांनी दिसला, आणि मला रडू आलं.

"रोने का क्या है बेटा," त्या म्हणाल्या. "तू घाबरतेस म्हणून घाम येतो असं नाही. तुझ्या घामाच्या नसांना हुकूम जास्त जातात. घाम येतो, मग तू घाबरतेस, मग अजून येतो. चक्कर आहे नुसता."

उष्णता नाही, पोट नाही, मनाचा कमकुवतपणाही नाही, हे ऐकायला मला सत्तावीस वर्षं लागली. वडिलांना ते तोवर कोणीच सांगितलं नव्हतं. मी घरी जाऊन सांगितलं, तर त्यांनी या वेळी पेपर खाली ठेवला आणि सगळं दोनदा ऐकलं. बाईंनी अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं औषध दिलं. झोपण्यापूर्वी हात अगदी कोरडे करून लावायचं आणि सकाळी धुवायचं. ओल्या हाताला लावलं तर झोंबतं, आणि माझे हात कोरडे करणं म्हणजेच मोठं काम, म्हणून मी हेअर ड्रायरसमोर बसायचे. याने भागलं नाही तर पाण्याच्या ट्रेमध्ये हात ठेवून बारीक करंट सोडायचं मशीन आहे, गोळ्या आहेत पण तोंड कोरडं पडतं, ऑपरेशनही आहे पण घाम तिथून हटून पाठीला किंवा पोटाला यायला लागू शकतो, असं सगळं त्यांनी नीट समजावलं. आज मी ते करंटचं मशीन वापरते. आधी दिवसाआड, आता आठवड्यातून एकदा. हातांना मुंग्या येतात, वीस मिनिटं बसावं लागतं. बरं झालं असं मी म्हणत नाही, पण आटोक्यात आहे. पायात नायलॉनच्या मोज्यांऐवजी सुती मोजे, बुटांचे दोन जोड आलटून पालटून, कॉफी कमी, अशा बारीकसारीक गोष्टीही लागल्याच.

पण तेव्हा नुसत्या औषधानेच बाराव्या दिवशी सकाळी मी स्कूटरची मूठ धरली आणि ती कोरडी होती. मी खरवईच्या नाक्यावर थांबून दोन्ही हात बघितले. गालाला लावले. शेजारचा रिक्षावाला बघायला लागला म्हणून निघाले. एवढा आनंद मला डिप्लोमा पास झाल्यावरही झाला नव्हता. अंबरनाथ येईपर्यंत दुसरा विचार सुचला, आणि त्याची मला अजून लाज वाटते. आता कोरड्या अंगठ्याचा ठसाच उमटणार नाही, म्हणजे पुरावा उरला नाही, असा तो विचार होता. मी गेटबाहेरच अंगठ्याची चिकटपट्टी काढून टाकली.

त्याच आठवड्यात दुसरी तक्रार आली. माल जुनाच होता, माझ्या ओल्या दिवसांतला, पण गंज आता दिसला होता. साहेब भडकले. त्यांना त्यांच्या पहिल्या नोकरीतली एक जुनी पद्धत आठवली. घासून चकचकीत केलेली एक पोलादी पाटी आणली, तिच्यावर चौकोन आखले, आणि मालाला हात लावणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या चौकोनात अंगठा दाबायचा. चौकोनाखाली मार्करने नाव. पाटी शनिवारी दुपारी वॉशिंगच्या खोलीत ओल्या फडक्याखाली ठेवायची आणि सोमवारी उघडायची. ज्याचा हात गंजवतो त्याचा चौकोन बोलेल, असं ते म्हणाले.

रांगेत मी मावशीच्या मागे होते. तिने अंगठा पदराला पुसला, दाबला, पुन्हा पुसला. माझी पाळी आली. मी कोरडा अंगठा कोऱ्या पोलादावर ठेवला आणि उचलला. जवळजवळ काहीच उमटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा हातांनी माझी बाजू घेतली होती, आणि मी तो अंगठा मुठीत लपवला.

रविवारभर मी स्वतःची समजूत घालत राहिले. मावशीचाही चौकोन कोराच निघेल, तिच्या हाताला काही नाहीच तर निघणार काय, मग साहेब पुन्हा तेलाच्या मागे लागतील आणि सगळं विसरलं जाईल. सोमवारी फडकं उचललं. माझा चौकोन स्वच्छ होता. एका जुन्या ग्राइंडरवाल्याच्या चौकोनात पुसट ठिपके होते, पण तो पक्का कामगार, त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. मावशीचा चौकोन तपकिरी झाला होता. ती वाकून बघत राहिली. कोणी तिला ओरडलं नाही. साहेबांनी ठेकेदाराला फोन लावला आणि उद्यापासून दुसरी बाई पाठव म्हणून सांगितलं. मावशीने डबा पिशवीत टाकला आणि जेवणाच्या सुट्टीतच ती गेली.

मी त्या दिवशी बोलले नाही. मंगळवारी बोलले नाही. बुधवारी मला पक्कं केल्याचं पत्र मिळालं, मी सही केली, कागदावर डाग पडला नाही. गुरुवारी सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. हा क्रम मी कितीदा तरी मनात बदलून पाहिला आहे. तो असाच आहे.

मी फोनवरचा फोटो मोठा करून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि शेजारी माझा अंगठा. त्यांनी चष्मा चढवला, फोटो बघितला, अंगठा बघितला, परत फोटो बघितला. औषधाचं, पाटीचं, सगळं मी सांगितलं. मला वाटलं होतं आता पत्र फाडतील.

"बुधवारी पत्र घेतलंत," ते म्हणाले, "आणि गुरुवारी आलात."

मी हो म्हणाले. तक्रारीचं उत्तर गिऱ्हाईकाला पाठवायचं असतं, त्यात गंजाचं मूळ कारण लिहायचं असतं; ते तुम्हीच लिहा, असं त्यांनी सांगितलं. मी लिहिलं, तपासणी करणाऱ्याच्या हाताचा घाम. नंतर इन्स्पेक्शनला चिमटे आले, आतून सुती अस्तर आणि वरून पातळ रबर असे मोजे आले, प्रत्येक दांडी तपासल्यावर धुवायची पद्धत आली. तेवढ्याने भागण्यासारखं होतं सगळं. साहेबांनी ठेकेदाराला मावशीला परत बोलावायला सांगितलं. तो म्हणाला, ती फोन उचलत नाही. पत्ता मी घेतला.

रविवारी मी कुळगावला गेले. नव्या टॉवरच्या मागे चार जुनी बैठी घरं उरली होती, त्यांतलं एक तिचं. रात्री औषध लावूनही वाटेतच हात भिजले होते. ओटीवर एक शेजारीण पाय पसरून, पायांवर तान्हं बाळ घेऊन तेल लावत होती. मावशी हातभर लांब, भिंतीला टेकून बसली होती आणि तिथून सांगत होती, मानेखाली धर, टाळूला जास्त घाल. तिचे दोन्ही हात पदराखाली होते. मुलगी बाळंतपणाला आली होती, नात झाली होती, हे मला तिथेच कळलं. कामावर असताना बारीकसारीक सगळं सांगणारी बाई, पण त्या शेवटच्या महिन्यात ती आमच्याशी बोलतच नव्हती.

तिने मला बसायला सांगितलं, पाणी आणायला मुलीला हाक मारली. मी उभ्यानेच सांगून टाकलं. "मावशी, तो अंगठा माझा होता."

तिला कळलं नाही. मी फोटो दाखवला, खूण दाखवली, रेघेवर रेघ लावून दाखवली. माझ्या बोटांचं पाणी फोनवर पडत होतं, ते तिने बघितलं. लहानपणापासूनचं सगळं मी भडाभडा सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आनि पाटीवर? माजाच गंजला ना?"

त्या दिवशी हात कशाने धुतले होते, असं मी विचारलं. तिने सांगितलं, मीठ आणि लिंबू. लोणच्याचा वास राहायला नको म्हणून घरून आणून, रांगेत यायच्या जरा आधी चोळून चोळून लावलं होतं, आणि पाण्याने फार धुतलं नाही, पुन्हा वास येईल म्हणून. ते मीठच पाटीवर उमटलं, मावशी, मी म्हणाले, तुमच्या हातांना काही नाही, कधीच नव्हतं. साहेब परत बोलावतायत हेही सांगितलं. पण ती पुढे कधी कामावर आली नाही.

तिने पदराखालून हात काढले आणि बघितले. सोललेली बोटं अजून भरली नव्हती. बाळ बावीस दिवसांचं आहे, ती म्हणाली, मी अजून हात लावला नाय. मला आधी अर्थच लागला नाही. ती सावकाश, माझ्याकडे न बघता म्हणाली, "लोखंड गंजतंय माज्या हातानं. ही तर कवली पोर."

मी तिथेच ओटीवर बसले. आपलाच हात दुसऱ्याच्या अंगावरून फिरवायला नको वाटणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं, मी त्यातच वाढले होते. तेच मी तिला दिलं होतं, तेही तिच्या नातीच्या पहिल्या बावीस दिवसांत. तिने विचारलं, "मना आदी का नाय सांगितलंस?" पक्कं होण्याचं, आजीचं, ओंजळीतल्या पाण्याचं, सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी फक्त एवढंच म्हणाले की घाबरले होते.

"मी पन घाबरलेली," ती म्हणाली.

मग ती उठली आणि शेजारणीला म्हणाली, सरक. पाय पसरून बसली, मुलीने नात उचलून तिच्या पायांवर ठेवली. मावशीने वाटीतलं तेल तळहातावर ओतलं आणि तशीच थांबली. तेल मनगटाकडे ओघळायला लागलं. तिने माझ्याकडे बघून विचारलं, नक्की ना? मी नक्की म्हणाले. तिने परत विचारलं, मी परत सांगितलं. तरी तिने आधी एकच बोट लावलं.